दुसऱ्या गटाचे ऋण

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझी पुतणी सुट्टीवर घरी आली, ती कपड्यांच्या पिशवीपेक्षाही जड असे कागदांचे एक बाड घेऊन. ती पशुवैद्यकीचे पदव्युत्तर शिक्षण घेते. दिवाळी संपताच प्रबंध सादर करायचा होता आणि प्रयोगाचे आकडे अजून संगणकात चढायचे होते. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता, भाऊ खानापूरच्या बाजाराला गेलेला होता, तेव्हा घरात मोकळा माणूस मी एकटाच उरलो. "काका, तुम्ही नुसते आकडे वाचा, मी घालते," असे म्हणून तिने एक जाडजूड वही माझ्या हातात दिली.

तीस वर्षे हजेरीपट वाचलेल्या माणसाला हे काम काही अवघड नव्हते. पहिला गट, पक्षी क्रमांक एक, वजन इतके, गुण शून्य. क्रमांक दोन, वजन इतके, गुण शून्य. तिसऱ्या पानावर दुसरा गट सुरू झाला आणि गुणांच्या रकान्यात तीन आणि चार असे आकडे दिसू लागले. माझ्यातला मास्तर सुखावला. "ह्या गटाचा निकाल बरा दिसतो," मी म्हणालो. पुतणी हसली नाही.

"काका, इथं गुण जास्त म्हणजे वाईट. शून्य म्हणजे आतडं साफ. चार म्हणजे आतडं रक्तानं भरलेलं. आणि रोगानं मेलेल्याला सरळ चार."

सतराव्या ओळीत वजनाचा रकाना रिकामा होता. तिथे लाल शाईने तारीख लिहिली होती आणि पुढे दोनच शब्द, 'पहाटे मृत'. मी तिथे थांबलो.

"वाचा की पुढं," ती म्हणाली. मी वाचले. पण त्या ओळीपाशी माझे मन जे अडकले ते अजून पुरते सुटलेले नाही, आणि ते सोडवावे म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

आधी तो प्रयोग कशाचा होता ते सांगायला हवे. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत माळावर, शेताच्या कडेला ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडी उभ्या राहिल्या आहेत. माझेच चार-पाच माजी विद्यार्थी ह्या धंद्यात आहेत. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेड, तूस, वीज आणि राबणूक शेतकऱ्याची. सहा आठवड्यांच्या आसपास पक्षी दोन किलोंच्या वर गेला की गाडी येते आणि किलोमागे ठरलेला दर शेतकऱ्याच्या हातावर पडतो. पावसाळा आला की ह्या सगळ्यांना एका रोगाची धास्ती असते. पुस्तकात त्याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. शेडीवर कोणी 'कॉक्सी' म्हणतो, कोणी 'रक्ती हगवण'.

हा रोग एमेरिया नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. कोंबडीत त्याच्या सात जाती मानतात. त्यांतली एमेरिया टेनेला ही कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात राहते आणि सर्वांत जास्त रक्त काढते. रोगी पक्ष्याच्या विष्ठेतून तिचे जे बीज बाहेर पडते त्याला डॉक्टर मंडळी ऊसिस्ट म्हणतात. ते मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे, डोळ्यांना न दिसणारे असते. बाहेर पडते तेव्हा ते कच्चे असते. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकते आणि तूस चिवडणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जाते. तिथे आतड्याच्या अस्तरात शिरून ते वाढत राहते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अस्तर फाटून रक्त वाहू लागते. पक्षी खाणे सोडतो, पंख पिंजारून, डोळे मिटून कोपऱ्यात उभा राहतो. जो तगतो त्याच्या अंगात पुढे त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती येते. माणसाला हा रोग होत नाही.

हजारो पक्षी एकाच तुसावर वावरत असताना एकेकाला धरून औषध पाजणे अशक्य. रोग डोळ्यांना दिसेपर्यंत उशीरही झालेला असतो. म्हणून औषध खाद्यातच मिसळून पहिल्या दिवसापासून द्यायचे, ही रीत पडली. १९४८ मध्ये अमेरिकेत सल्फाक्विनॉक्झॅलिन हे औषध ह्या कामासाठी खाद्यात येऊ लागले. मग १९५५ च्या सुमारास निकार्बाझिन, १९६० मध्ये अँप्रोलियम, आणि १९७१ मध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळणारे मोनेन्सिन आले. आज पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे सॅलिनोमायसिन त्याच कुळातले. एका टन खाद्याला ते सुमारे ६० ग्रॅम पुरते. पण परोपजीवीही औषधाला सरावतो. काल चाललेले औषध आज चालेलच असे नाही. त्यामुळे औषधी खाद्याची परीक्षा एकदा घेऊन संपत नाही, ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

पुतणीचा प्रयोग अशाच एका परीक्षेचा होता. पिल्लांचे चार गट केले होते, प्रत्येकात तीस. पहिल्या गटाला रोग नाही आणि औषधही नाही. तिसऱ्याला रोग दिला आणि नेहमीच्या औषधाचे खाद्य दिले. चौथ्याला रोग दिला आणि नवे खाद्य दिले. दुसऱ्या गटाला रोग दिला आणि औषध दिले नाही. रोग 'दिला' म्हणजे दोन आठवड्यांच्या पिल्लाची चोच उघडून ठरावीक संख्येचे पिकलेले ऊसिस्ट घशात सोडले. सातव्या दिवशी पक्षी मारून, आतडे उघडून शून्य ते चार असे गुण दिले. गुण देण्याची ही रीत जॉन्सन आणि रीड ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये घालून दिली आणि ती आजही जगभर चालते.

दुसरा गट हवाच कशाला, असा प्रश्न मीही केला. उत्तर साधे आहे. समजा, चौथ्या गटातले सगळे पक्षी ठणठणीत राहिले. ते नव्या खाद्यामुळे राहिले, की मुळात घशात सोडलेले बीजच मेलेले होते? दुसरा गट आजारी पडला तरच चौथ्या गटाच्या तब्येतीला काही अर्थ येतो. दुसऱ्या गटाचे दुःख हीच तिथे मोजपट्टी आहे.

ही मोजपट्टी जुनी आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या आरमारी वैद्याने 'सॉल्सबरी' जहाजावरचे स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची वारुणी, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी, असे निरनिराळे उपचार केले. फक्त एका जोडीला संत्री आणि लिंबे दिली. ते दोघे आठवड्याच्या आत सावरू लागले. उरलेल्या दहाजणांकडे पाहिल्यावाचून त्या दोघांच्या बरे होण्याचा अर्थ लिंडला कळला नसता. पण गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक बोचतो. इंग्रजांच्या आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षे खलाशी मरतच होते.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सोप्यात बसलो होतो. मी सतरा क्रमांकाचा विषय काढला. पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाचव्या दिवशी संध्याकाळी तो जाळीला टेकून उभा होता. आमचा नियम असा की पक्ष्याला उभं राहता येईना झालं तर त्याला तिथंच, त्रास न होता संपवायचं आणि वहीत तसं लिहायचं. मी दोनदा जाऊन बघून आले. तो उभा होता, काका. टेकून होता, पण उभा होता. कपाटात अँप्रोलियमची पुडी होती. पाण्यात घालायची, बस. माझा हात कपाटापर्यंत गेलाही होता. पहाटे गेले तर तो मेलेला."

"मग काय केलंस?"

"लिहिलं."

त्या पुडीबद्दल मी तिला दोष देत नाही. दुसऱ्या गटातल्या एकालाही औषध दिले की तो गट दुसरा गट राहत नाही, आणि इतर एकोणतीस पक्ष्यांचे दुःखही वाया जाते. प्रश्न त्या रात्रीचा आहे. नियमात 'उभं राहता येईना' असे शब्द होते आणि पक्षी जाळीच्या आधाराने उभा होता. शब्द पाळला गेला. ज्यासाठी तो शब्द लिहिला होता ते मात्र पाळले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाच्या वेळी हा विषय घरात सर्वांपुढे आला आणि प्रत्येकाने आपापले उत्तर दिले. भाऊ म्हणाला, "अगं, कापायचेच होते ना ते? तू नाहीतर खाटीक. त्यात काय एवढं?" हे उत्तर पुष्कळांच्या मनात असते. आमच्या घरी रविवारी रस्सा होतो आणि मी तो आवडीने खातो, तेव्हा सोवळेपणाचा आव मी आणणार नाही. पण ह्या उत्तरात मरण आणि वेदना ह्या दोन गोष्टींची गल्लत आहे. आपण सगळेच एक दिवस मरणार आहोत. तेवढ्यावरून कोणी दातदुखीवर औषध नाकारत नाही. जेरेमी बेंथॅमने १७८९ च्या आपल्या ग्रंथात ह्या वादाचे मर्म दाखवले आहे. प्राण्याला बोलता येते का, विचार करता येतो का, हे त्याने गौण मानले आणि त्याला दुःख होते का, एवढेच विचारले. सतरा क्रमांकाच्या पक्ष्याने त्याचे उत्तर जाळीला टेकून दिले होते.

माझ्या धाकट्या मुलाने वेगळे उत्तर दिले. तो वाणिज्य शाखेचा, हिशेबी. तीस पक्ष्यांच्या दुःखाने लाखो पक्ष्यांचे दुःख टळते, तर सौदा वाईट नाही, असे तो म्हणाला. ह्या उत्तरात वजन आहे आणि ते मी मानतो. शेडीत औषध फसले तर एका रात्रीत शेकडो पक्षी असेच जाळीला टेकतात. कोंबडीच्या खाद्याच्या निरीक्षणातून माणसाचेही भले झालेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर डच डॉक्टर आइकमान बेरीबेरीचे कारण शोधत होता. त्याच्या कोंबड्या एकाएकी पाय लुळे पडून आजारी झाल्या आणि पुढे तशाच एकाएकी सुधारल्या. चौकशी केली तेव्हा कळले की मध्यंतरी त्यांना लष्करी इस्पितळातला सडलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्करी भात मुलकी कोंबड्यांना घालायला त्याने नकार दिला. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे हे अशा धाग्यावरून उलगडत गेले आणि आइकमानला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ह्या ज्ञानावर किती माणसे जगली असतील!

तरीही ह्या हिशेबात एक खोट आहे. हिशेब मांडणारा नेहमी जमेच्या बाजूला बसलेला असतो, आणि ज्याच्या नावावर खर्च पडतो त्याला कोणी विचारत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाच्या सुमारे चारशे गरीब कृष्णवर्णीय रुग्णांचे नुसते 'निरीक्षण' चालू होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले, तरी ह्या माणसांना ते मुद्दाम दिले नाही. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. कोंबडी आणि माणूस एका पारड्यात घालण्याचा माझा विचार नाही. पण समोरच्या जिवाला तक्त्यातली एक ओळ समजण्याची सवय एकदा लागली की ती कोंबडीपाशी थांबेल, अशी हमी कोण देणार?

माझ्या पत्नीचे उत्तर सर्वांत सोपे होते. "असलं पाप करायचंच कशाला? नको ती परीक्षा आणि नको ते खाद्य." ऐकायला हे किती बरे वाटते! पण परीक्षा न झालेले खाद्य बाजारात आले तर काय होईल? ज्या शेडीत ते जाईल तिथे ते चालेल किंवा फसेल. म्हणजे प्रत्येक शेड हाच एक प्रयोग होईल. फरक इतकाच, की तिथे वही नसेल, नियम नसेल, आणि 'पहाटे मृत' असे लिहायलाही कोणी नसेल. प्रयोग टाळला म्हणून दुसरा गट नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्याला दिसेनासा होतो.

हे वाक्य मी तिथे फराळ करताना मोठ्या ऐटीत बोललो, आणि बोलता बोलता हातातली करंजी खाली ठेवली. कारण तसा एक गट मला स्वतःला माहीत होता.

२००९ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा मुख्याध्यापक झालो नव्हतो. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना एस.एस.एल.सी.ला कन्नडचा पेपर जड जातो, हे सीमाभागातल्या घरांना सांगायला नको. घरी मराठी, शेतात मराठी, कन्नड फक्त एस.टी.च्या पाटीवर आणि कचेरीत. आमच्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्या होत्या. एका कन्नड शिक्षकमित्राला बरोबर घेऊन मी रोज सकाळी आठ वाजता जादा तास सुरू केला, आणि तो फक्त 'अ' तुकडीसाठी. 'ब' तुकडी मुद्दाम सोडली. दोघांनाही शिकवले असते तर जादा तासाचा गुण आला की मुळात मुलेच बरी होती, हे संस्थेच्या मंडळींना दाखवणार कसे? मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते, तर्कशास्त्र शिकलो होतो. माझी मांडणी बिनचूक होती.

निकालही बिनचूक लागला. 'अ' तुकडीतली दोन मुले सोडून सगळी कन्नडमध्ये पास झाली. 'ब'मधली अकरा नापास झाली. त्यावर मी एक टिपण लिहून शिक्षकांच्या मेळाव्यात वाचले. टाळ्या पडल्या. त्या अकरांत एक मुलगा होता. गणितात वर्गात पहिला, चित्रे सुंदर काढायचा. पुरवणी परीक्षेतही कन्नडने त्याला अडवले. आपल्या भागातली अशी पोरे जिकडे जातात तिकडेच तोही गेला, गोव्याला, मडगावात एका हॉटेलात कामाला.

मांडणीबद्दल अजूनही मी स्वतःला फारसा दोष देत नाही. जादा तासाचा उपयोग होतो की नाही हे मला जूनमध्ये खरोखर माहीत नव्हते. पण सहामाहीचा निकाल लागला तेव्हा ते मला कळले होते. दोन्ही तुकड्यांतला फरक उघड्या डोळ्यांनी दिसत होता. माणसांवरच्या औषधचाचण्यांत असा फरक स्पष्ट झाला की चाचणी मध्येच थांबवून दुसऱ्या गटालाही औषध देण्याची तरतूद आज असते. मी मात्र वर्ष पुरे होऊ दिले. का? तर आकडे पूर्ण यावेत म्हणून. 'ब' तुकडीतली मुले नापास झालेली नव्हती अजून, उभी होती. नुसती टेकून होती.

पुतणीच्या एका रात्रीबद्दल विचार करणारा मी कोण, असे त्या सकाळी मला वाटले. तिच्या मागे निदान एक समिती होती. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे; त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत अशा प्रयोगाला आधी मंजुरी घ्यावी लागते. किती पक्षी, कशासाठी, कुठे थांबणार, हे तिला कागदावर द्यावे लागले होते. रसेल आणि बर्च ह्या दोघा इंग्रज अभ्यासकांनी १९५९ मध्ये ह्याविषयी तीन कसोट्या सांगितल्या. प्राण्याशिवाय काम भागत असेल तर प्राणी घेऊ नका. घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्या. आणि जे घ्याल त्यांना होणारा त्रास कमीत कमी ठेवा. माझ्या 'ब' तुकडीसाठी असे काही विचारणारा कोणी नव्हता आणि मीही स्वतःला विचारले नाही.

ह्या सगळ्यातून माझ्या मनात जे उरले ते असे. ज्या गटाला आपण जाणूनबुजून औषधावाचून ठेवतो त्याचे आपण ऋणी असतो. कारण कळते ते त्याच्यामुळे. औषध घेऊन बरा झालेला गट एकटा काहीच सांगू शकत नाही. हे ऋण क्षमा मागून फिटत नाही. गटात एकही जीव गरजेपेक्षा जास्त नसावा आणि उत्तर कळल्यावर एक तासही जास्त जाऊ नये, हा त्याचा पहिला हप्ता. वहीत खोटा आकडा लिहू नये, हा त्याच्या पुढचा. पुतणीने तो चुकवला नाही, ती 'लिहिलं' म्हणाली त्याचा अर्थ मला आता कळतो. आणि सर्वांत मोठा हप्ता असा, की त्या गटाने जे शिकवले ते वापरावे. न वापरलेल्या ज्ञानासाठी घेतलेले दुःख ही नुसती चोरी ठरते. १७४७ पासून १७९५ पर्यंत ती चोरी चालली होती.

कोंबड्यांच्या बाबतीतही काही गोष्टी आपल्याला केव्हाच्या कळलेल्या आहेत. ऊसिस्ट पिकायला ओलावा लागतो. तूस कोरडे ठेवले, रोज हलवले, पाण्याची भांडी गळू दिली नाहीत, पडदे वेळेवर उघडून वारा खेळू दिला आणि शेडीत पक्षी दाटीने भरले नाहीत, तर रोगाचा जोर निम्म्याने ओसरतो, असे माझा एक शेडवाला विद्यार्थीच सांगतो. मग तसे का करत नाहीस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, आमच्याकडचा पाऊस बघताय ना? तूस महाग, माणूस मिळत नाही, आणि पक्षी कमी भरले तर वीजबिल कशातनं भागवू?" त्याचे खोटे नाही. औषधी खाद्य त्यालाही हवे आणि पक्ष्यालाही हवे. पण फावड्याने करायचे काम आपण औषधाच्या गळ्यात घातले, ते औषध थकले की नवे आणले, आणि प्रत्येक नव्या औषधासाठी पुन्हा एक दुसरा गट जाळीमागे उभा केला, तर त्यातला किती भाग ज्ञानासाठी आणि किती आपल्या सोयीसाठी, हे एकदा मोजायला हवे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतणी परत गेली. जाण्यापूर्वी तिने प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवला. आधाराला टेकलेला आणि हलवले तरी पाऊल न टाकणारा पक्षी हा उभा पक्षी समजू नये, त्याला त्याच वेळी वेदनेतून सोडवावे, आणि पाचव्या ते सातव्या दिवसांत रात्रीही पाहणी ठेवावी, अशी शिफारस तिने केली, आणि त्याखाली स्वतःच्या प्रयोगातल्या दुसऱ्या गटाचा सतरावा पक्षी उदाहरण म्हणून दिला. आपलीच त्रुटी प्रबंधात लिहावी का, अशी तिला शंका होती. तिच्या मार्गदर्शकांनी तो परिच्छेद तसाच ठेवला.

मी शाळा उघडल्यावर जुने कपाट काढले. २००९ चे निकालपत्रक सापडले. त्या मुलाचा नंबर मिळवायला आठ दिवस लागले. आता त्याची मडगावात स्वतःची खाण्याची गाडी आहे, लग्न झाले आहे. आवाज ओळखून तो हरखला. मी आढेवेढे न घेता त्याला सांगितले की त्या वर्षी 'ब' तुकडीला जादा तास का नव्हता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आम्हाला वाटायचं, आम्ही हुशार नाही म्हणून सर आम्हाला घेत नाहीत."

एवढी वर्षे मी त्याच्या गुणांचा हिशेब ठेवला होता. हा आकडा माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

मग त्याने सहज विचारले, "पण सर, उपयोग होतो म्हणून कळलं ना? मग पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना घेतला असेल तास."

घेतला नव्हता. टिपण वाचून झाले, टाळ्या पडल्या, शिक्षकमित्राची बदली झाली आणि तास बंद पडला. मी त्याला तसे सांगितले. त्याने "असू दे सर" म्हणून विषय बदलला, मुलीला कोणत्या शाळेत घालावे ते विचारले.

यंदाच्या जूनपासून आमच्या शाळेत सकाळी आठ वाजता कन्नडचा जादा तास असतो. तो दोन्ही तुकड्यांना असतो. पावसाळ्यात मुले भिजून येतात, म्हणून वर्गाच्या दाराशी पोती अंथरायला सांगितली आहेत.